वाढीव चाकांची मीमांसा

नागपूरहून वर्ध्याकडे येणाऱ्या मार्गावर केळझर आणि सेलू मागे पडल्यानंतर धाम नदीच्या काठी लागणारे पवनार हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना वाकाटकांमुळे परिचित आहे, कारण महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे प्रतिपादन केले होते. सर्वसामान्य वाचकाला मात्र ते विनोबा भावे यांच्या परंधाम आश्रमामुळे आणि 1959 मध्ये तेथे स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरामुळे ठाऊक असते. वाहनशास्त्राच्या दृष्टीने या गावाला आणखी एक मोठेपण आहे आणि त्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. 1951 च्या सप्टेंबरमध्ये छप्पन्न वर्षांचे विनोबा येथून पायी दिल्लीला निघाले आणि पुढे भूदानाच्या निमित्ताने सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालतच राहिले. एवढ्या प्रवासात ॲव्हरेज, हवेचा दाब, अलाइनमेंट आणि स्टेपनी यांपैकी एकही प्रश्न उद्भवला नाही. नंतर 1965 पासूनच्या तुफान यात्रेत त्यांनी मोटारीचाही उपयोग केला, त्यामुळे पवनार हे मोटारीचे विरोधक गाव आहे असा समज कोणी करून घेऊ नये. प्रस्तुत विवेचनाचा विषय मोटार नसून तिची चाके आहेत, आणि त्यातही ती चाके, जी मालकाच्या महत्त्वाकांक्षेने कारखान्याच्या निर्णयावर मात करून बसवली जातात.

सुट्टीच्या दिवशी आश्रमाच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या लहान मोटारींकडे जिज्ञासूने पाहिले, तर त्यांतील काहींचे वरचे अंग आणि खालचे अंग एकाच घराण्यातील नाही, हे ध्यानात येते. वर 796 सीसीच्या इंजिनाची, चार माणसांना जेमतेम पुरणारी, कर्जाचे हप्ते नुकतेच फिटलेली आटोपशीर गाडी असते. खाली मात्र चकाकणारी, रुंद, पसरट आणि मडगार्डच्या कडेबाहेर डोकावणारी अशी चाके असतात, की गाडी चाकांवर उभी आहे की चाकांनी तिला पळवून आणले आहे, याविषयी संभ्रम पडावा. अशा चाकांना येथे सोयीसाठी ‘वाढीव चाके’ म्हटले आहे. ती बसवण्यामागे सामान्यतः तीन कारणे सांगितली जातात: पकड सुधारते, गाडी उंच होते आणि रस्त्यावर स्थिर राहते. चौथे कारण सांगितले जात नाही, परंतु खरे कारण तेच असते, ते चहाच्या टपरीवर दुसरा कोणीतरी “मस्त दिसून राहिली ना भाऊ गाडी!” या शब्दांत सांगतो आणि मालकाचे निम्मे पैसे तेथेच वसूल होतात.

विषयात प्रवेश करण्यापूर्वी टायरच्या कडेवरील लिपी वाचता येणे आवश्यक आहे, कारण ही लिपी हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर रोज असते आणि तरीही ती वाचणारा मनुष्य क्वचितच आढळतो. अल्टो 800 या सर्वपरिचित गाडीच्या टायरवर 145/80 आर 12 असे लिहिलेले असते. यातील 145 हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. 80 हा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सांगतो, पण ती मिलिमीटरमध्ये न सांगता रुंदीच्या टक्क्यांत सांगतो, म्हणजे भिंत 145 च्या 80 टक्के, अर्थात 116 मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, म्हणजे ज्याच्या आतील दोऱ्यांचे थर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत थेट आडवे टाकलेले असतात असा टायर. आणि 12 हा ज्या लोखंडी अथवा मिश्रधातूच्या डिस्कवर टायर चढतो तिचा व्यास, तोही मिलिमीटर सोडून चक्क इंचांत. एकाच ओळीत दशमान पद्धत, शेकडेवारी आणि इंग्रजी इंच अशा तीन मोजमापांना गुण्यागोविंदाने नांदवणारी दुसरी लिपी आधुनिक जगात सापडणे कठीण आहे, आणि या त्रिवेणीतच ग्राहकाच्या पुढील गोंधळाचे मूळ आहे. कारण तो तीनपैकी फक्त शेवटचा आकडा लक्षात ठेवतो आणि दुकानात जाऊन “बारा काढा, चौदा टाका” एवढेच सांगतो.

या आकड्यांवरून चाकाची एकूण उंची काढणे हे शालेय गणित आहे. बारा इंच म्हणजे 304.8 मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंतींचे 232 मिलिमीटर मिळवले की 536.8 मिलिमीटर इतका बाह्य व्यास मिळतो, आणि चाकाचा एक फेरा साधारण 1686 मिलिमीटर अंतर कापतो. गाडीच्या वजनाने टायर खाली किंचित चेपला जात असल्याने प्रत्यक्षातील अंतर थोडे कमी भरते, पण तुलनेसाठी हे गणित पुरेसे आहे. या हिशेबाने अल्टोचे चाक एका किलोमीटरमध्ये 593 फेरे घेते. हा 593 चा आकडा सामान्य दिसत असला तरी गाडीचा सगळा संसार त्याच्या भरवशावर मांडलेला असतो, कारण वेग दाखवणारा काटा, अंतर मोजणारा आकडा, गिअरचे दाते, ब्रेकचा जोर आणि चाकाभोवतीच्या कमानीतील मोकळी जागा यांपैकी प्रत्येक गोष्ट ठरवताना अभियंत्याने तोच गृहीत धरलेला असतो.

चाकाचा आकार हा वाहनाच्या मागणीनुसार ठरतो, मालकाच्या हौसेनुसार ठरत नाही, हे तत्त्व वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला शिकवण्याची गरज नाही, कारण त्याच्या पूर्वजांनी ते बंडीच्या रूपाने अमलात आणले होते. बंडी म्हणजे विदर्भातील बैलगाडी. तिची लाकडी चाके माणसाच्या छातीला लागावीत इतकी मोठी असत, कारण कपाशीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर पडणाऱ्या खोल चाकोऱ्यांतून लहान चाक रुतून बसते आणि मोठे चाक त्याच खड्ड्यावरून कमी श्रमात पलीकडे जाते. चाकाच्या परिघावर बसवलेल्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. लोहार ती चाकाच्या मापापेक्षा किंचित लहान करून, लालभडक तापवून, ती पसरली की चाकावर चढवत असे आणि मग पाणी ओतून तिला आकसायला लावत असे, म्हणजे आरे आणि पुठ्ठे आपोआप आवळले जात. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल झाली, तर चाक पाण्यात भिजत घालणे हा व्हील अलाइनमेंटचा तत्कालीन प्रकार होता. पुढे रबरी टायरच्या बंड्या आल्या. त्यांची चाके लहान झाली, पण रुंद झाली आणि त्यांत हवा आली, म्हणून वजन मऊ जमिनीवर पसरले आणि बैलांचे कष्ट वाचले. येथे व्यास घटला, रुंदी वाढली, आणि तरीही परिणाम चांगला झाला, कारण बदल करताना कोणीही “दिसते कशी” हा प्रश्न विचारला नव्हता. गांधीजींच्या सेवाग्रामच्या काळात जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती वापरात आणल्याची आणि तिला थट्टेने ‘ऑक्सफर्ड’ म्हटल्याची आठवण सांगितली जाते. मोटारीच्या चाकांत केल्या जाणाऱ्या कोणत्याही फेरफाराने तिच्या ॲव्हरेजवर काहीही परिणाम होऊ नये अशी ही बहुधा या जिल्ह्यातील एकमेव मोटार होय.

मोठी डिस्क लावणे हा सर्वस्वी अपराध आहे, असे मात्र नाही. व्यवसायातील जाणकार ज्याला ‘एक इंच वाढवणे’ म्हणतात, त्या रीतीत डिस्क मोठी करताना टायरची भिंत तेवढ्याच प्रमाणात बुटकी घेतली जाते, म्हणजे बाहेरचा व्यास होता तेवढाच राहतो. उदाहरणादाखल 155/65 आर 13 हा टायर घेतला, तर त्याची भिंत सुमारे 101 मिलिमीटर आणि एकूण व्यास 531.7 मिलिमीटर भरतो. म्हणजे बारा इंचावरून तेरा इंचावर बढती मिळालेले चाक प्रत्यक्षात मूळ चाकापेक्षा पाच मिलिमीटरने बुटके निघते. एक टक्क्यापेक्षा कमी असा हा फरक गाडीच्या लक्षातही येत नाही. तीन टक्क्यांपर्यंतचा फरकही सामान्यतः चालवून घेतला जातो. गंमत अशी की, या शास्त्रशुद्ध बदलावर मालक नाराज असतो, कारण त्याने पैसे मोजले मोठ्या चाकासाठी आणि हाती आले तेवढेच चाक. रबर कमी झाले आणि धातू वाढला, एवढाच काय तो लाभ. शिवाय येथे आणखी एक बारीक अक्षर दडलेले असते. टायरवरील मापाच्या पुढे 74 टी किंवा 73 टी असे जे लिहिलेले असते, त्यातील आकडा म्हणजे भारांक, अर्थात एक टायर पूर्ण दाबाला जास्तीत जास्त किती वजन पेलेल याचा सांकेतिक क्रमांक. 74 म्हणजे 375 किलो आणि 73 म्हणजे 365 किलो. त्यामुळे 145/80 आर 12 चा 74 भारांकाचा टायर काढून 155/65 आर 13 चा 73 भारांकाचा टायर बसवणारा मालक दिसायला भारदस्त, पण चारही चाके मिळून चाळीस किलो कमी उचलणारी गाडी घेऊन घरी येतो. टी या अक्षराचा अर्थ ताशी 190 किलोमीटरपर्यंतचा वेग टायरला सोसतो असा आहे. अल्टोच्या बाबतीत या अक्षराची चिंता करण्याचा प्रसंग येत नाही.

खरी करमणूक त्यापुढे सुरू होते, जेव्हा “तेरा तर सगळेच टाकतात” या युक्तिवादावर थेट चौदा इंचाचे चाक येते आणि टायरची भिंत मात्र पुरेशी बुटकी केली जात नाही. समजा, 165/65 आर 14 हा टायर बसवला. त्याचा व्यास 570 मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ चाकापेक्षा सुमारे सहा टक्के अधिक, आणि एका किलोमीटरला तो 593 ऐवजी 558 फेरे घेतो. गाडीला हे कोणी सांगत नाही. तिचा मापक फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. त्यामुळे 100 किलोमीटर अंतर तोडूनही अंतराच्या आकड्यांत साधारण 94 किलोमीटरचीच भर पडते. पवनार ते वर्धा हे आठ-दहा किलोमीटरचे अंतर या हिशेबाने जवळजवळ अर्ध्या किलोमीटरने घटते. भूसंपादन, निविदा आणि भूमिपूजन यांच्याविना एखादे गाव जिल्ह्याच्या ठिकाणाच्या इतके जवळ आणण्याचे श्रेय आजवर कोणत्याही लोकप्रतिनिधीला घेता आलेले नाही. याचा दुसरा परिणाम मालकाच्या झोपेवर होतो. गाडी प्रत्यक्षात लिटरला 20 किलोमीटर धावत असली तरी आकडेमोडीत ॲव्हरेज 18.8 निघते, आणि मालक प्रथम पेट्रोल पंपावर, मग मेकॅनिकवर आणि शेवटी गाडी शेवटची चालवणाऱ्या मेहुण्यावर संशय घेतो. सर्व्हिसिंग दहा हजारांवर करावयाचे असेल, तर ते प्रत्यक्षात 10,600 किलोमीटर उलटल्यावर होते, आणि इंजिनातील तेलाला त्या जादा सहाशे किलोमीटरांचा मोबदला कोणी देत नाही.

वेगाच्या काट्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. मोटारींच्या मानकांनुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, ठरावीक मर्यादेत जास्त दाखवला तरी चालतो. म्हणून कारखान्यातून निघालेला काटा मुळातच थोडी बढाई मारणारा असतो, आणि 60 दाखवत असताना गाडी बहुधा 60 च्या आतच असते. वाढीव चाकामुळे खरा वेग दाखवलेल्या वेगाच्या तुलनेत सहा टक्क्यांनी वाढतो, तेव्हा सुरुवातीची बढाई आणि नंतरची लपवाछपवी एकमेकींना छेद देऊन काही गाड्यांत काटा अपघाताने खरे बोलू लागतो. सत्याग्रहाची परंपरा असलेल्या तालुक्यात हा परिणाम स्वागतार्ह वाटू शकतो. परंतु काटा खरा झाला म्हणून अंतराचा आकडा खोटा झाल्याचे पाप फिटत नाही, आणि चाके आणखी मोठी असतील, तर काटा बढाईखोराचा थेट वकील होतो: आरोप कितीही असला तरी कबूल थोडेच करायचे. येळाकेळीजवळून समृद्धी महामार्गावर चढल्यानंतर, जेथे मोटारींना ताशी 120 ची कमाल मर्यादा आहे, तेथे काट्यावर विसंबलेल्या अशा मालकाला दंडाची पावती ही तंत्रज्ञानाची पहिली ओळख ठरते. लहान गाडी 120 पर्यंत पोहोचतच नाही, असा बचाव येथे केला जाईल. तो मान्य केला तरी त्याचे कारण पुढील परिच्छेदात आहे आणि ते मालकाला आवडणारे नाही.

इंजिनाचा जोर गिअरमधून चाकाच्या मध्याशी येतो आणि जमिनीला मिळणारा धक्का हा मध्यापासून जमिनीपर्यंतच्या अंतराने भागला जातो. भाजक वाढला की भागाकार कमी होतो, एवढे बीजगणित पुरेसे आहे. चाकाचा व्यास सहा टक्क्यांनी वाढवला की प्रत्येक गिअरमध्ये गाडीची ओढ जवळपास तेवढीच घटते, जणू सर्व गिअर कोणीतरी गुपचूप किंचित उंच करून ठेवले आहेत. पाच जण बसलेली, एसी चालू असलेली आणि डिकीत घरच्या तुरीचे पोते ठेवलेली लहान गाडी उड्डाणपुलाच्या चढावर ज्या आवाजात तिसऱ्या गिअरची मागणी करत असे, त्याच आवाजात ती आता दुसऱ्याची करते. यात वजनाची भर पडते. मिश्रधातूची चाके, ज्यांना बाजारात अलॉय अथवा मॅगव्हील म्हणतात, ती लोखंडी चाकांपेक्षा हलकीच असतात हा समज सर्वत्र आहे. परंतु मोठ्या मापाचे स्वस्त अलॉय आणि त्यावरचा रुंद टायर मिळून मूळ लहान लोखंडी चाकापेक्षा जड भरू शकतात. हे वजन स्प्रिंगच्या खालचे असते, म्हणजे ज्याला स्प्रिंगचा आधार नाही आणि जे प्रत्येक खड्ड्यात स्वतः आपटते. शिवाय ते फिरणारे वजन असल्याने गाडी पळवताना एकदा आणि थांबवताना पुन्हा एकदा त्याची किंमत मोजावी लागते. ब्रेकची गोष्टही त्याच भागाकाराची आहे: ब्रेक जुनाच, चाक मोठे, म्हणून तेवढ्याच जोराने पाय दाबला असता जमिनीवर मिळणारी अडवणूक कमी. मागच्या चाकाकडे पाहिले तर मॅगव्हीलच्या ऐसपैस आऱ्यांमधून आतला मूळ ब्रेक ड्रम भल्यामोठ्या मांडवात एकट्या बसलेल्या भटजीसारखा दिसतो, आणि मांडव वाढला म्हणून मंत्रांचा आवाज वाढत नाही.

उंचीच्या लाभाविषयी लोकांत फार मोठ्या अपेक्षा असतात. व्यास 33 मिलिमीटरने वाढला तर गाडी त्याच्या निम्मीच, म्हणजे दीड सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त वर उचलली जाते, कारण वाढीचा उरलेला अर्धा भाग चाकाच्या वरच्या बाजूला कमानीकडे जातो. गावोगावच्या गतिरोधकांची रचना पाहता दीड सेंटीमीटर हा आकडा सांत्वनाच्या सदरात मोडतो. तेथे गाडीचे पोट घासते ते घासतेच, फक्त थोडे उशिरा. कमानीकडे गेलेला अर्धा भाग मात्र हळूहळू आपले अस्तित्व जाणवून देतो. मालक एकटा असताना काही होत नाही. सासुरवाडीची मंडळी मागे बसली आणि केळझरच्या गणपतीकडे वळताना स्टिअरिंग पूर्ण फिरले, की कमानीच्या आतून खर्र असा आवाज येतो. हा आवाज प्रथम दगड अडकल्याचा, नंतर बेअरिंगचा आणि शेवटी पाहुण्यांच्या वजनाचा मानला जातो. टायरचा मानला जात नाही, कारण तो नवीन आहे.

चाक किती बाहेर यावे हे ऑफसेट या मापाने ठरते. चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबवर टेकणारा चाकाचा चेहरा यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. ते कारखान्याने ठरवल्यापेक्षा कमी घेतले की चाक बाहेर सरकते आणि गाडी रुंद, दमदार दिसू लागते. त्याच वेळी चाकाचे बेअरिंग ज्या जागी भार घेण्यासाठी बनवलेले असते तेथून भार दूर सरकतो, स्टिअरिंग खड्ड्यात हिसके देते, आणि पावसाळ्यात बाहेर डोकावणारे टायर रस्त्यावरचा चिखल उचलून दारांवर, काचांवर आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या पांढऱ्या शर्टावर सारख्याच निष्ठेने उडवतात. नटांच्या वर्तुळाचेही असेच आहे. चार नटांची सगळी चाके सारखी दिसली तरी नटांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास काही गाड्यांत 100 मिलिमीटर, तर काहींत 114.3 मिलिमीटर असतो, आणि “थोडं दाबून बसवलं की बसते” हा सल्ला या ठिकाणी घातक आहे.

रुंद टायरने पकड वाढते हे विधान कोरड्या डांबरावर बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु विदर्भातील पाऊस जेव्हा येतो, तेव्हा तो रस्त्यावर पाण्याचा थर सोडून जातो, आणि वेगात असलेल्या रुंद टायरला समोरचे सगळे पाणी खाचांतून वेळेत बाहेर काढता आले नाही, तर तो जमीन सोडून पाण्यावर तरंगू लागतो. अशा क्षणी स्टिअरिंग फिरते, गाडी वळत नाही. वजनाने हलक्या गाडीला रुंद टायर लावले की तेच वजन अधिक जागेवर पसरते आणि पाणी बाजूला सारायला लागणारा दाब कमी पडतो. अरुंद टायर हा कारखान्याचा कंजूषपणा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यात काटकसर आहेच, पण शहाणपणाची काटकसर आहे. ज्या छोट्या गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत पॉवर स्टिअरिंग नसते, त्यांच्या बाबतीत रुंद टायर हा दंडाचा व्यायामही ठरतो, विशेषतः बाजाराच्या दिवशी गाडी उभी करताना.

बुटक्या भिंतीचा प्रश्न उरतो. टायरची भिंत ही हवेने भरलेली उशी आहे. ती जितकी उंच तितका खड्ड्याचा मार रबरात जिरतो, आणि ती जितकी बुटकी तितका तो मार डिस्कला, तेथून सस्पेन्शनला आणि अखेर प्रवाशाच्या कंबरेला पोहोचतो. धारदार काठाच्या खड्ड्यात बुटका टायर डिस्कची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटला जाऊन आतील दोरे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ करणारा माणूस कोठेही मिळतो. अलॉय वाकण्याऐवजी तडकण्याचा संभव अधिक, आणि तडकलेल्या अलॉयचे वेल्डिंग करून देणारे जेथे मिळतात तेथून दूर राहणेच श्रेयस्कर.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वाहन वेगळे होईल असा बदल करण्यास मज्जाव आहे, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला. निर्मात्याने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारासाठी जे माप मंजूर केलेले असते, ते खालच्या प्रकाराला बसवणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होय, आणि विमा कंपनीशी वाद घालण्याची हौस नसलेल्यांनी तेथेच थांबावे.

निर्मातेसुद्धा चाकांशी खेळतात, पण हिशेब करून खेळतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 2009 मध्ये विक्रीस आलेली टाटा नॅनो. तिचे इंजिन मागे असल्याने वजनही मागे होते, म्हणून पुढे 135/70 आर 12 आणि मागे 155/65 आर 12 असे दोन वेगळ्या रुंदीचे टायर देण्यात आले. एरवी ही चैन महागड्या स्पोर्ट्स गाड्यांत आढळते. त्याच गाडीच्या प्रत्येक चाकाला चारऐवजी तीनच नट होते. दोन्ही निर्णयांमागे गणित होते आणि दोन्हींची लोकांनी थट्टा केली. त्याच लोकांपैकी काहींनी नंतर आपापल्या गाड्यांना गणिताविना मोठी चाके लावली, तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

वर्ध्याचा उन्हाळा हा या सर्व हिशेबांतील शेवटचा परीक्षक आहे. पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा रस्ता त्याहूनही तापलेला असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की टायरमधील दाब साधारण दीड ते दोन पौंडांनी चढतो. नव्या मापाच्या टायरला किती हवा असावी, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते, कारण पुस्तिका लिहिणाऱ्याने हे चाक पाहिलेलेच नसते. मग दुकानदार, पंक्चरवाला आणि पेट्रोल पंपावरील मुलगा यांची तीन मते मिळतात आणि मालक त्यांची सरासरी काढतो. हवा कमी असलेला टायर दर फेऱ्याला अधिक चेपतो, म्हणून अधिक तापतो, आणि लांबच्या काँक्रीट रस्त्यावर सलग वेगात हीच उष्णता टायर फुटण्याचे कारण ठरते. हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी तपासावी. तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा काढून टाकणे ही चूक आहे. टायरची खाच 1.6 मिलिमीटरवर आली की खाचेतील उंचवटा पृष्ठभागाशी समतल होतो आणि टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे, मग तो कितीही रुंद असो.

चार चाके बदलताना पाचव्याचा विचार सहसा होत नाही. डिकीत जुनीच बारा इंची स्टेपनी पडून राहते. लहान आणि मोठे चाक एकाच जोडीत आले, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही बाजूंचे फेरे वेगवेगळे पडतात आणि ज्या डिफरन्शियलचे काम फक्त वळणावर फेऱ्यांतील फरक सांभाळण्याचे असते, ते गाडी थांबेपर्यंत अखंड काम करत राहते. इंजिन पुढची चाके फिरवत असलेल्या गाडीत पुढचा टायर पंक्चर झाला, तर मागचे धड चाक काढून पुढे लावावे, वेगळ्या मापाची स्टेपनी मागे बसवावी आणि पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश जावे. अलॉयचे लांब नट लोखंडी स्टेपनीला बसत नसतील, तर जुने नट डिकीतच एका पिशवीत ठेवावेत आणि मोठी चाके विकत घेण्याच्या दिवशीच ते मागून घ्यावेत, कारण दुकानदार ते स्वतःहून देत नाही.